बरणी क्रमांक सात

माझा चहाचा कप तीन इंच अलीकडे घ्यावा, एवढं सांगण्यासाठी त्यांनी मला पत्र लिहिलं होतं. वर जावक क्रमांक, तारीख, ‘विषय : टेबलाच्या सामाईक भागावरील कप हलवण्याबाबत’, खाली सही आणि शिक्का : विभागप्रमुख, जीवशास्त्र. हे पत्र टपालाने धाडलं नाही, एवढेच काय ते उपकार. आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. त्यांनी हात लांब करून ते माझ्या कपाशेजारी ठेवलं. मी हसून कप उचलला, तर म्हणाले, ‘उत्तर लेखी द्या. विभागाच्या फायलीला लागतं.’

मालवण तालुक्यातलं आमचं ज्युनिअर कॉलेज तसं चिमुकलं. खाली शाळा आणि वर आम्ही. शास्त्र शाखेत विभाग चार आणि शिकवणारी माणसंही चारच, म्हणजे एका विभागात एक माणूस. कधीतरी तपासणीच्या वेळी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि दारांवर ‘विभागप्रमुख’ अशा पाट्या लागल्या. आम्ही बाकीचे त्या पाट्यांना हसायचो. हसले नाहीत ते फक्त हे. त्यांनी पाटी खरी मानली आणि त्या दिवसापासून ते स्वतःला ‘मी’ म्हणेनासे झाले. पित्त झालं की ‘विभागाला आज बरं वाटत नाही’. घरी लग्न असलं की ‘विभाग दोन दिवस रजेवर आहे’.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जीवशास्त्र विभागाची सभा भरायची. अध्यक्ष तेच, सचिव तेच, सभासदही तेच. मागच्या सभेचं इतिवृत्त ते मोठ्याने वाचून कायम करायचे आणि मी पलीकडे प्रयोगवह्या तपासत बसलेला असायचो. एकदा एका ठरावावर त्यांचं स्वतःशीच एकमत होईना, तेव्हा तो ठराव पुढच्या सभेवर ढकलला. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी पदरचं घालून सांगतोय. हसायला ठीक आहे. पण असल्या माणसासमोर रोज सहा तास बसून बघा. माझ्या डोक्यात जायचे ते. आजही जातात, आणि आज त्याची कारणं जास्त आहेत.

गृहस्थ मूळचे सावंतवाडीकडचे. जन्मात कधी माशाचा तुकडा तोंडात घातला नाही. शेजारी मासळी तळली जाऊ लागली की हे खिडकी लावून घेणार. आणि हाच माणूस सकाळी साडेसहाला तोंडवलीच्या किनाऱ्यावर स्टीलचा डबा घेऊन हजर. रापणीचं जाळं ओढून झालं, मासळी वाळूवर पडली, बायकांनी पाट्या भरायला घेतल्या, की हे मधे उकिडवे बसणार आणि एकेक जिन्नस उचलून नाव विचारणार. नाव वहीत, नमुना डब्यात. मासळी विकणारी एक बाई होती, तिने एकदा विचारलंच, ‘मास्तरांनू, खायत नाय तर नेतास कित्याक?’ हे म्हणाले, ‘पोरांका दाखवूक.’ कॉलेजच्या फाटकाबाहेर ते मालवणी बोलायचे. फाटकाच्या आत आले की विभाग सुरू.

त्यांचं एक पालुपद होतं, ‘दिसलं ते सांग, वाटलं ते नको.’ वर्गात नवा विद्यार्थी आला की त्याला खिडकीशी उभं करायचे आणि बाहेर काय दिसतं ते विचारायचे. पोरं म्हणायची, झाडं. मग कसली, किती, पानं कुठल्या बाजूला, असं त्याला घामाघूम करून सोडायचे. शिक्षकांच्या खोलीतही तेच. प्राचार्य एकदा म्हणाले की यंदा अकरावीची उपस्थिती समाधानकारक वाटते. यांनी लगेच विचारलं, ‘दिसली, की वाटली?’ प्राचार्यांनी तेव्हा हसून सोडून दिलं. पण प्राचार्य असलं काही विसरत नाहीत.

त्या मासळीवाल्या बाईची थोरली मुलगी अकरावीला आमच्याकडे आली. अंगाने किरकोळ. माझ्या विषयात बेताचीच, गणितात त्याहून बेताची. तिलाही यांनी खिडकीशी उभं केलं. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘वारो फिरलो आसा, सर. माडाची झावळां उलटी पडतत.’ त्या शनिवारच्या इतिवृत्तात ठराव आला, तो मी माझ्या कानांनी ऐकला. ‘विभागाला एक विद्यार्थिनी मिळाली आहे, याची नोंद घेण्यात येते.’ बाकी तीसएक पोरं त्यांच्या हिशेबी कोण होती देव जाणे.

आता ती बरणी. जीवशास्त्राच्या कपाटात नमुन्यांच्या बरण्यांची रांग होती. त्यातली सात नंबरची. आत पिवळट पाण्यात वेटोळं करून बसलेलं, हातभर लांब काहीतरी आणि बाहेर जुन्या टाकाच्या अक्षरात चिठ्ठी : समुद्रसाप. पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांचं शरीर पाण्याला कसं जुळवून घेतं, हे शिकवायला ती बरणी निघायची. पोरं ओळीने लिहून घ्यायची, समुद्रसाप, शेपटी वल्ह्यासारखी चपटी, फुप्फुसाने श्वास घेतो. प्रात्यक्षिक परीक्षेत तीच बरणी, तेच उत्तर. मागच्या बॅचची पोरं पुढच्या बॅचला सांगून ठेवायची, सात नंबर म्हणजे साप. आत बघायची कुणाला गरजच नव्हती.

बारावीच्या सुरुवातीला या मुलीने बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, ‘सर, ह्यो साप नाय. ही वाम आसा.’

वाम म्हणजे मासा, आमच्याकडे कालवणाला घालतात तो. दिसायला सापासारखा लांबोडा म्हणून परगावच्या माणसाची फसगत होते. पण त्याला कल्ल्याची फट असते, पाठीवरून शेपटीपर्यंत सलग पर असतो, आणि शेपूट निमुळती असते, वल्ह्यासारखी नव्हे. बहुधा कधीतरी मूळ बरणी फुटली असेल, साप खराब झाला असेल, आणि संख्या भरायला कुणीतरी किनाऱ्यावरून त्याच लांबीचं काहीतरी आणून आत कोंबलं असेल. चिठ्ठी मात्र जुनीच चिकटवली. यांनी भिंग आणलं. तास संपला, पुढचा माझा तास होता, तोही अर्धा गेला, मी दाराशी खडू घेऊन उभा. शेवटी त्यांनी मान वर केली आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, ‘विभागाची चूक झालेली आहे. बावीस वर्षं ही बरणी मी दाखवली आणि एकदाही बघितली नाही.’ पाटी लागल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ‘मी’ ऐकलं. एवढ्यापुरतं त्यांना मानायला हवं. आमच्यापैकी एकानेही वर्गासमोर असं कबूल केलं नसतं.

पण मग पुढे काय करावं? तुम्ही-आम्ही असतो तर मधल्या सुट्टीत नखाने चिठ्ठी खरवडून काढली असती आणि नवी चिकटवली असती. गोष्ट संपली असती. यांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं. डेड स्टॉकच्या, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या, नोंदवहीत ‘समुद्रसाप, नग एक’ अशी नोंद आहे, ती बदलून ‘वाम, नग एक’ करण्यास परवानगी मिळावी.

प्राचार्यांनी पत्र वाचून त्यांना बोलावून घेतलं. मी कामानिमित्त तिथेच होतो. प्राचार्यांचं म्हणणं साधं होतं. नोंदवहीत साप आहे, बरणीत वाम आहे असं आपण लिहून दिलं, तर उद्या तपासणीला येणारा माणूस विचारणार, ‘मग साप गेलो खंय?’ कोणाच्या काळात गेला, कोणी नेला, निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू बाद केल्याचा, ठराव कुठे आहे? गेल्या तीस वर्षांतल्या प्रत्येक शिक्षकाची चौकशी लावायची का? त्यापेक्षा आहे तो साप बरा आहे. हे म्हणाले, ‘पण तो साप नाही.’ प्राचार्य म्हणाले, बघू. आणि ते भिजत घोंगडं तसंच राहिलं. यांनी स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं, मग तिसरं. चौथं जानेवारीत गेलं. माझ्यासमोर बसून ते जावक क्रमांक घालायचे, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की उठावं आणि ती बरणी विहिरीत नेऊन टाकावी.

निदान परीक्षेपुरती बरणी कपाटाच्या मागच्या रांगेत ढकला, असं मी त्यांना सुचवलं. उत्तर आलं, ‘विभाग काही लपवत नाही.’

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती मुलगी आमच्या टेबलाशी आली. सात नंबरला काय लिहू, एवढंच तिने विचारलं. यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘दिसतं ते लिही,’ म्हणाले. ती मान हलवून गेली. मी समोर बसून सगळं ऐकलं. बाकीच्या पोरांना मी जिन्यात गाठून सांगत होतो की शहाणपणा करू नका, साप लिहा आणि मोकळे व्हा. तिला नाही सांगितलं. ती त्यांची विद्यार्थिनी होती, इतिवृत्तात नोंद असलेली.

बाहेरचे परीक्षक सकाळी आले तेच घड्याळ बघत. दुपारी जेवून त्यांना पुढच्या कॉलेजला जायचं होतं. बरण्या ओळखायचा भाग त्यांनी स्वतःकडे घेतला. नोंदवही मागवली, तिच्यावरून क्रमांक निवडले, चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून बरण्या मांडायला लावल्या. सात नंबर त्यात होतीच. सगळ्यांनी साप लिहिला. तिने लिहिलं, वाम. शेजारी कल्ला, पर आणि निमुळती शेपूट काढून दाखवली.

परीक्षकांनी तिला बोलावलं, बरणीवरचा कागद काढला आणि चिठ्ठी वाचायला सांगितली. तिने वाचली, ‘समुद्रसाप’. आणि मग तितक्याच शांतपणे म्हणाली की चिठ्ठी चुकली आहे, सर. तिला त्यात काही उद्धटपणा वाटला नाही. आमच्या या सरांनी दोन वर्षं तिला हेच शिकवलं होतं. पण परीक्षकांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. त्यांनी सरांना हाक मारली.

‘हे काय आहे?’

‘वाम,’ सर म्हणाले. आणि पत्र, चार स्मरणपत्रं अशी फाईल पुढे ठेवली.

परीक्षकांनी ती चाळली. ‘म्हणजे कागदोपत्री हा अजून सापच आहे ना? मग मी कागदाप्रमाणे गुण देणार. आणि तुमचं खरं मानायचं, तर बाकीच्या सगळ्या पोरांचे कापू?’

‘कापा,’ सर म्हणाले.

खोलीतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मांडामांडीच्या मदतीला मी तिथेच होतो, तेव्हा मी मधे पडलो. म्हटलं, इतकं कशाला ताणायचं, दोन्ही उत्तरं बरोबर धरा, सापालाही गुण द्या आणि वामेलाही. परीक्षकांचा चेहरा सैल पडला. ते तयार होते. मी शपथेवर सांगतो, ते तयार होते. सरांनी एक शब्द ‘बरं’ म्हटला असता तर त्या पोरीचं सगळं सुरळीत झालं असतं.

सर म्हणाले, ‘एका बरणीत दोन प्राणी नाहीत. विभागाला हे मान्य नाही.’

हा तो क्षण, ज्याच्यासाठी मी त्यांना माफ करू शकत नाही. तत्त्व त्यांचं होतं आणि गुण तिचे जाणार होते. ज्याला स्वतःचं काही गमवायचं नाही त्याने ताठ उभं राहण्यात कसली मर्दुमकी? निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. तिचं पुढचं सगळं उरलं होतं. हे त्यांना दिसलं नाही, आणि हा माणूस इतरांना बघायला शिकवत होता.

परीक्षक चिडले ते चिडलेच. त्या बरणीचे गुण गेले आणि तोंडी परीक्षेतही त्यांनी तिला आडवंतिडवं विचारून कापलं. आमच्याकडे प्रात्यक्षिकाला कुणाला कमी मिळत नाहीत. कॉलेजची तशी रीतच आहे, माझ्या विषयात मीही सगळ्यांना भरभरून देतो. त्या वर्षी जीवशास्त्रात एकटीचे गुण खाली आले. गुणपत्रक सहीसाठी सरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

तोवर प्राचार्य आले होते. लिफाफा आज गेला नाही तर सगळ्या पोरांचा निकाल अडकेल, असं त्यांनी समजावलं, मग दरडावलं. सर खुर्चीत तसेच. शेवटी म्हणाले, ‘मी सही करूचंय नाय.’ फाटकाच्या आत, कॉलेजच्या वेळेत, मालवणीत. विभाग त्यात कुठेच नव्हता.

प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. विज्ञान विभागाच्या वतीने तुम्ही सही करा, म्हणाले. असा विभागच नाही आमच्याकडे. मी तसं पुटपुटलोही. त्यावर ते एवढंच म्हणाले की तुमच्या नोकरीच्या मान्यतेचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे, या आठवड्यात पुढे पाठवायचा आहे. धमकी म्हणावी असा आवाजही नव्हता. त्या वेळी मी पेन हातात धरून म्हणू शकलो असतो की आधी त्या पोरीचे गुण सरळ करा, मग सही. परीक्षकांना जेवायचं होतं, प्राचार्यांना लिफाफा पाठवायचा होता, सगळ्यांचं घोडं माझ्या सहीवर अडलं होतं. आमच्या कॉलेजात माझ्या शब्दाला किंमत आली असेल तर ती तेवढीच पाच मिनिटं. मी सही केली. खाली जेवण होतं, सुरमई होती, तिथेही जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्र. जावक क्रमांक, तारीख, ‘विषय : गुणपत्रकावरील आपली सही’. मजकूर एका ओळीचा. ‘सदर सही विभागाने पाहिली आहे.’ या पत्राचं उत्तर त्यांनी मागितलं नाही.

मुलीला मत्स्यशास्त्राला जायचं होतं. तिन्ही शास्त्र विषय मिळून जेवढी टक्केवारी लागते, ती चार गुणांनी हुकली. प्रात्यक्षिकात गेले होते ते चाराहून जास्त. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर गेले. तिथे काय झालं ते मला नंतर तिथल्याच एका माणसाने सांगितलं. त्यांनी पाटीतला मासा उचलून नाव विचारलं. त्या बाईने पाटी भरता भरता, वर न बघता सांगितलं, ‘तुमी म्हणशात ता नाव, मास्तरांनू.’ तिचा आवाज चढलेला नव्हता. सरांनी मासा परत पाटीत ठेवला. त्यानंतर ते किनाऱ्यावर कधी दिसले नाहीत.

निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळ घ्यायला ते आले नाहीत. कार्यभार द्यायला आले. जीवशास्त्राची जागा भरली जाणार नव्हती, तासांपुरती शिकवायला एक मुलगी येणार होती, म्हणून कपाट माझ्या ताब्यात द्यायचं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने यादी केली होती. सातव्या ओळीत लिहिलं होतं, ‘वाम, नग एक. समुद्रसाप, नाही.’ ती यादी नोंदवहीशी जुळत नव्हती. मी म्हटलं, सर, मी यावर सही कशी करू? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या, माझ्या कपापासून बरोबर तीन इंच लांब, आणि गेले. नव्या यादीवर मी साप लिहिला आणि कार्यभार एकतर्फी घेतल्याचं नमूद केलं.

आता ते सावंतवाडीकडेच असतात म्हणे. मी गेलेलो नाही. त्यांची यादी माझ्या खणात आहे.

कपाट माझ्याकडे असल्यामुळे परीक्षेच्या वेळी अंतर्गत परीक्षक म्हणून मीच बसतो. तासांवर येणाऱ्या मुलीला तो अधिकार नाही. चार वर्षं झाली, सात नंबरची बरणी दर वर्षी निघते. चिठ्ठी खरवडायला नखसुद्धा पुरेल. पण आता तपासणीवाल्याला उत्तर देणारा माणूस मी आहे. आणि मी प्राचार्यांना शिव्या देतो, त्या परीक्षकाला देतो, सरांना तर रोज देतो. तेवढ्याने माझं भागतं.

यंदा बारावीला वाम लिहिणाऱ्या त्या मुलीची धाकटी बहीण होती. तोच किरकोळ बांधा, बरणी उजेडाकडे धरायची तीच तऱ्हा. थोरली आता तोंडवलीच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटींची तिकिटं देते. धाकटीने बरणी फिरवून फिरवून बघितली, कल्ल्याच्या फटीशी तिचं बोट थांबलेलं मी पाहिलं. मग ती बसली आणि लिहिलं, समुद्रसाप. शेपटी वल्ह्यासारखी चपटी. फुप्फुसाने श्वास घेतो.

परीक्षा संपल्यावर मी तिला व्हरांड्यात थांबवलं. माझाच आवाज मला चढलेला वाटला. म्हटलं, किनाऱ्यावरची पोर तू, तुला ती वाम ओळखता येत नाही?

‘म्हायत आसा, सर,’ ती म्हणाली. ‘वामच ती. पण ताईन सांगल्यान, थंय साप लिही.’

तिने दप्तर खांद्यावर घेतलं आणि जिना उतरून गेली. मी आत येऊन पेपर तपासायला घेतले. तिला मी पैकीच्या पैकी दिले.